मुलगा म्हणतो, नाताळ बायबलमध्ये नाहीच

पत्र थोडक्यात: नागपूरच्या सदर भागातल्या एका गृहिणीचं हे पत्र. वय ४७. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, प्रोटेस्टंट मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं. घरात नवरा, ऐंशीच्या पुढच्या सासूबाई, बारावीतली मुलगी आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. मुलगा वर्षभरापासून मित्रांच्या एका प्रार्थना गटात जातो. दिवाळीनंतर त्याने घरात जाहीर केलं की यंदा तो नाताळ पाळणार नाही. २५ डिसेंबर बायबलमध्ये कुठेच नाही, ती रोममधल्या सूर्यपूजकांची तारीख आहे, आणि झाड, चांदणी, सांता हे सगळं बाहेरचं आहे, असं त्याचं म्हणणं. सासूबाईंनी दोन दिवस धड जेवण केलं नाही. "माझ्या मागे करा काय करायचं ते," म्हणाल्या. नवरा म्हणतो, तूच लाडावून ठेवलास. पुढे त्या लिहितात: "मुलगा बोलला तेव्हा राग आला, पण खरं सांगू का, आतून थोडं सुटल्यासारखंही वाटलं. पंधरा दिवस करंज्या-चकल्या, बेकरीत मैदा-तूप नेऊन नानकटाई, कॉलनीतल्या तीस घरांचे डबे, सगळ्यांचे कपडे, रात्री साडेबाराला येणाऱ्या कॅरल पार्टीचा चहा. यंदा त्यासाठी भिशी आधी उचलावी लागणार, ती मुलीच्या क्लासच्या फीसाठी ठेवली होती. २५ च्या सकाळी उपासनेला मी दरवर्षी उशिरा पोचते, शेवटच्या बाकावर, संदेश अर्धा झाल्यावर. या सगळ्यात नाताळचा खरा अर्थ उरलाय का? मुलाला मी काय सांगू?"

ताई,

पत्रात प्रश्न दोन आहेत, पण मी अडकले ते "सुटल्यासारखं वाटलं" या शब्दांपाशी. त्यावर येतेच. आधी मुलाचं बघू, कारण घरात आग तिथे लागली आहे.

तारखेच्या बाबतीत तुमचा मुलगा बरोबर आहे. हे एकदा मोकळेपणाने मान्य करून टाका, निम्मं भांडण तिथेच संपेल. येशूचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे बायबल सांगत नाही. मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, जन्माची हकिकतच नाही, ती फक्त मत्तय आणि लूक यांच्यात आहे. २५ डिसेंबर ही तारीख आपल्याला रोममधल्या चौथ्या शतकातल्या नोंदींत सापडते. त्याआधी २७४ साली ऑरेलियन बादशहाने रोममध्ये अजिंक्य सूर्याच्या पूजेला राजमान्यता दिली होती हेही खरं. काही अभ्यासक म्हणतात, मंडळीने सूर्याचा सण आपलासा केला. काहींचं मत वेगळं आहे: गर्भधारणेचा दिवस २५ मार्च मानला जात होता, त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. हा वाद मिटलेला नाही, आणि तुमच्या बैठकीच्या खोलीत तो मिटायची गरजही नाही. आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीलाच जन्माचा सण पाळते. त्यांचा ख्रिस्त काही वेगळा नाही.

आता एक गंमत सांगते, सासूबाईंनाही सांगा. नागपुरात प्रोटेस्टंट मिशनचं काम उभं केलं स्टीफन हिस्लॉप यांनी. १८४५ मध्ये ते इथे आले, त्यांच्याच नावाचं कॉलेज आपल्या गावात आहे. ते ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते, त्या परंपरेत नाताळ जवळपास पाळतच नसत. का? नेमकं तुमच्या मुलाचंच कारण: बायबलमध्ये आज्ञा नाही. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १६४० मध्ये नाताळची सुटी कायद्याने बंद केली होती, आणि तिथे २५ डिसेंबर सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो थेट १९५८ मध्ये! म्हणजे ज्यांच्यामुळे या शहरात मराठीतून उपासना होऊ लागली, त्यांच्याच घराण्यातली ही भूमिका आहे. मुलगा बंडखोर झाला, हाताबाहेर गेला, श्रद्धा गमावून बसला, हे जे तुम्ही तिघांनी धरून ठेवलंय ते जरा सैल करा. हा मुलगा बायबल उघडून वाचतोय. विशीतली किती मुलं वाचतात?

मात्र त्याची माहिती बरोबर असली तरी त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

तो झाडाबद्दल बहुधा यिर्मयाचा दहावा अध्याय दाखवेल. जंगलातून झाड तोडतात, सोन्यारुप्याने मढवतात, असं तिथे लिहिलंय. पण तो उतारा लाकडातून मूर्ती घडवून तिची पूजा करण्याबद्दल आहे, घरातल्या सजावटीबद्दल नाही. त्याला सांगा, मागचापुढचा भागही वाच. आणि मग रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढायला लावा. कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कोणी सगळे दिवस सारखेच मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची पुरती खात्री करून घ्यावी, असं पौल तिथे म्हणतो. जो पाळतो तो प्रभूसाठी पाळतो, असंही लगेच पुढे म्हणतो. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर सणावरून कोणी तुम्हाला दोषी ठरवू नये, असं सरळच आहे. हे दुधारी आहे बरं का. आजीने नातवाला दोषी ठरवायचं नाही आणि नातवाने आजीला.

आता तुमचा मुख्य प्रश्न. नाताळचा खरा अर्थ काय?

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, पण याच परंपरेत वाढले आहे आणि बरीच वर्षं यावर वाचत आले आहे. आपण मुलांना सोपं करून सांगतो की नाताळ म्हणजे येशूचा वाढदिवस. संडे स्कूलला ते ठीक आहे. मोठ्या माणसांनी तिथेच थांबलं की गडबड होते, कारण वाढदिवस म्हटलं की तारीख चुकीची असणं ही मोठी चूक ठरते. तुमचा मुलगा याच वाढदिवसाच्या कल्पनेवर रागावलाय. मंडळीचं म्हणणं त्याहून फार धाडसी आहे. ज्याने सगळं निर्माण केलं तो देव स्वतः माणूस झाला, हे ते म्हणणं. योहान आपल्या पहिल्याच अध्यायात लिहितो की शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. ३२५ साली निकिया इथे बिशपांची परिषद भरली ती याच मुद्द्यावर. पुत्र हा देवाने घडवलेला कोणी श्रेष्ठ दूत, की खुद्द देवच? परिषदेने दुसरं उत्तर दिलं. आजही रोमन कॅथलिक मिस्सात आणि आपल्याकडच्या उपासनेत त्यातून आलेला निकियाचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हटला जातो. आम्हा माणसांसाठी आणि आमच्या तारणासाठी तो खाली उतरला, असा त्याचा आशय. तुम्ही शेकडो वेळा म्हटला असेल, बहुधा स्वयंपाकाचा विचार करत.

देही झाला. याचा अर्थ भूक लागणारा, थकणारा, झोप येणारा, रडणारा, ज्याला दुसऱ्या कोणीतरी पुसावं-धुवावं लागतं असा झाला. लूक किती घरगुती तपशील देतो बघा: आईने त्याला बाळंत्याने गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. ज्या घरात बाळंतपण झालंय त्या घराला बाळंती म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. किती लागतात, किती वेळा धुवावी लागतात, डिसेंबरात नागपूरच्या थंडीत ती वाळत कशी नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेचा देव या कामांच्या मधोमध आला, असं हा सण सांगतो.

इथेच मला तुमचं आणि तुमच्या मुलाचं एक गृहीतक सारखंच दिसतं, आणि ते मला मान्य नाही. दोघांनाही वाटतं की खरा अर्थ म्हणजे काहीतरी शुद्ध, आत्मिक. आणि करंजी, कपडे, चांदणी हा वरचा कचरा. मुलगा म्हणतो कचरा फेका. तुम्ही म्हणता, कचऱ्याखाली अर्थ दबला. पण हा सणच देवाने देह धारण केल्याचा आहे! त्यात खाणंपिणं, ऊब, हातांची कामं यांना परकं ठरवायचं कसं? तुमचं स्वयंपाकघर अध्यात्माच्या आड आलेलं नाही. (घरकामात गुंतलेली मार्था आणि येशूच्या पायाशी बसून ऐकणारी मरीया यांची गोष्ट मी मुद्दाम सांगत नाही. ती तुम्हाला खूपदा ऐकवली असेल, आणि ऐकवणारे बहुतेक वेळा तुमच्याच हातचं जेवून गेले असतील.)

मग चुकलं काय? करंजी कोणासाठी होते आहे, आणि ती करण्यात कोणाचा जीव जातो आहे, हे बघायचं राहून गेलं. देव देहात आला यावर तुमचा विश्वास असेल तर घरातला एक देह पंधरा दिवस उभा राहून राहून पिचतोय याची दखल त्या घराने घ्यायलाच हवी. तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं त्याचा अपराधीपणा बाळगू नका. तो कंटाळा ख्रिस्ताचा नव्हता. एकटीने केलेल्या कामाचा होता. या दोन गोष्टी पत्रात तुम्ही एकत्र बांधल्या आहेत, त्या सोडवा.

पैशाचंही तेच. लूकच्याच दुसऱ्या अध्यायात एक ओळ आहे, ती नाताळच्या नाटकात कधीच येत नाही. बाळाला मंदिरात नेलं तेव्हा मरीया आणि योसेफ यांनी होले किंवा पारव्याची पिल्लं अर्पण करण्याचा उल्लेख तिथे आहे. नियमशास्त्राप्रमाणे कोकरू द्यायचं असे. ज्यांना कोकरू परवडत नसे त्यांच्यासाठी पाखरांची सवलत होती. म्हणजे पवित्र कुटुंबाने पहिल्याच विधीला गरिबांचा दर लावून घेतला, आणि त्यात काही कमीपणा मानला नाही. मुलीच्या फीची भिशी कपड्यांसाठी उचलून नाताळचा मान राखला जातो, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मला नाव नको, स्वतःशीच आठवून बघा. चार लोक काय म्हणतील हेच कारण निघालं तर भिशी आहे तिथे राहू द्या.

आता करायचं काय. काही गोष्टी सुचवते, सगळ्या कराव्यात असं नाही.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मंडळीच्या पंचांगातच आहे आणि आपण ती विसरलोय. नाताळाच्या आधी चार रविवार आगमनकाळ असतो, तो वाट पाहण्याचा आणि पश्चात्तापाचा. उत्सव सुरू होतो २५ तारखेला आणि चालतो ६ जानेवारीपर्यंत. आपण उलटं केलंय. डिसेंबर उजाडला की कार्यक्रमच कार्यक्रम, आणि २६ ला चांदणी उतरवून सगळे आडवे. तुम्ही मूळ क्रमावर या. २५ ला पुरेल इतकंच करा: एक केक, एक तिखट पदार्थ. कॉलनीचे डबे २७ ते ५ या दिवसांत, रोज तीन-चार घरं. दिवाळीचे डबे तुमच्याकडे एकाच दिवशी थोडेच येतात? शेजाऱ्यांना कारण सांगा, आमचा सण बारा दिवसांचा आहे म्हणून. सांता क्लॉजचा सण म्हणून ओळखणाऱ्यांना तेवढीच नवी माहिती. (सांतावर मात्र फार रागावू नका. त्याच्यामागे चौथ्या शतकातल्या मायरा गावचे बिशप निकोलस आहेत, गुपचूप दान करण्यासाठी प्रसिद्ध. मॉलमधल्या लाल टोपीला ते माहीत नाही, इतकंच.)

दुसरं, २५ च्या सकाळी कुकर लावायचा नाही. आदल्या रात्रीचं जे असेल ते. तुम्ही पहिल्या गाण्याला बाकावर असल्या पाहिजेत. हे नवऱ्याला विनंती म्हणून सांगू नका, ठरलंय म्हणून सांगा. लाडावून ठेवल्याचा हिशोब मांडणाऱ्याने एक दिवस वरणभाताचाही मांडावा.

मुलाला उपासनेला ओढून नेऊ नका. त्याला आजीजवळ बसवा. २४ च्या संध्याकाळी लूकचा दुसरा अध्याय त्याने तिला मोठ्याने वाचून दाखवावा, एवढंच मागा. तो नाही म्हणू शकणार नाही, कारण हे तर शंभर टक्के बायबल आहे. ऐंशी पार केलेल्या बाईचे डोळे बारीक अक्षरांना साथ देत नाहीत, आणि नातवाच्या तोंडून वचन ऐकणं तिच्यासाठी झाड-चांदणीपेक्षा मोठं असेल, असं मला वाटतं. जमलं तर मत्तयाचा पहिला अध्यायही वाचा, वंशावळीसकट. सगळे ती गाळतात. त्या यादीत तामार आहे, राहाब आहे, परदेशी रूथ आहे, उरीयाची बायको आहे. ज्यांची नावं घरंदाज लोक दबक्या आवाजात घेतील अशा बायका, थेट ख्रिस्ताच्या वंशावळीत. लग्न करून दुसऱ्या धर्मातून ख्रिस्ती घरात आलेल्या सुनांची पत्रं मला येतात, नाताळात आपण पाहुण्यासारख्या उभ्या राहतो म्हणून. त्यांनी रूथचं नाव तिथे बोट ठेवून वाचावं. ज्यांच्या घरी यंदा माणूस गेलंय त्यांनी मत्तयाचा दुसरा अध्याय वाचावा. हेरोदाने मारलेली बेथलेहेमची बाळं आणि रात्रीतून इजिप्तला पळालेलं कुटुंब त्यात आहे. मंडळी २८ डिसेंबरला त्या बाळांची आठवण करते. रडायला नाताळात मनाई नाही.

आणि मुलाला एक काम द्या. त्याचा आक्षेप दिखाव्यावर आहे ना? मग दिखावा नसलेलं काम. मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात रात्री जाऊन बघा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, पलीकडे छत्तीसगड, मध्य प्रदेशातून आलेले रुग्णांचे नातेवाईक जिन्याखाली, झाडाखाली चादर अंथरून पडलेले असतात. वॉर्डात एकालाच थांबू देतात, लॉज परवडत नाही. उतारशाळेत जागा नव्हती हे वाक्य समजून घ्यायला बेथलेहेमला जावं लागत नाही. तीसातले दहा डबे तिकडे जाऊ द्या, सोबत चहाचा थर्मास आणि जुनी पण धड ब्लँकेटं. मुलाने त्याच्या गटातल्या मित्रांना घेऊन जावं. पत्रकं वाटायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत, एवढी अट घाला. आजारी माणसाच्या नातेवाइकाला चहा देताना त्याने आपलं काही ऐकून घ्यावं अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. आवारात काही वाटायचं असेल तर आधी तिथल्या सुरक्षारक्षकाला किंवा समाजसेवा विभागाला विचारून घ्या, नाहीतर उगाच वाद होतो. २५ तारीखच हवी असंही नाही. त्या दिवशी देणारे पुष्कळ असतात, २९-३० ला कोणी फिरकत नाही.

हे करूनही तो म्हणाला की मी नाताळ पाळत नाहीच, तर म्हणू द्या. एका घरात दोन मतं राहू शकतात. आपल्याच गावाचं उदाहरण आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि मोठेपणीच द्यावा म्हणणारेही होते. बाप्तिस्मा म्हणजे चांदणी-झाडासारखी किरकोळ गोष्ट नव्हे, श्रद्धेच्या गाभ्यातली. तरी दोन्ही पद्धती मान्य करून ते एका छपराखाली आले. ज्येष्ठांना ते जमलं असेल तर तुमच्या दोन बेडरूमच्या घरात एक चांदणी लावणारी आजी आणि एक न लावणारा नातू राहू शकतील.

एक सावधगिरी मात्र बाळगा. त्या गटात घरच्यांशी संबंध तोडा, शिक्षण सोडा, पैसे आणून द्या असं काही सांगितलं जातंय का, हे सहज बोलता बोलता जाणून घ्या. तसं असेल तर तो विषय सणाचा नाही, वेगळा आहे आणि गंभीर आहे. मला पुन्हा लिहा. तुमच्या पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

सासूबाईंशी तुम्ही एकट्या बोलू नका. नवऱ्याला सोबत घ्या, बोलायला सुरुवात त्यालाच करू द्या, आई त्याची आहे. डबे कमी केले हे त्यांना २४ तारखेला कळू देऊ नका, आत्ताच सांगा, आणि एक पदार्थ त्यांच्या देखरेखीखाली नातीकडून करून घ्या. बसल्या जागी करंजीला मुरड घालण्याइतके हात चालत असतील तर तेही.

पाळकसाहेबांना घरी बोलावून मुलाला "समजावून" सांगायला लावायचा मोह होईल. नका करू. चारचौघांत त्याचा निकाल लावल्यासारखं होईल आणि तो आणखी ताठ होईल. त्याला स्वतःहून भेटायचं असेल तर जरूर भेटू द्या, पण आगमनकाळाच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच. २० तारखेनंतर पाळकांना श्वास घ्यायची फुरसत नसते, त्यात हिवाळी अधिवेशन लांबलं तर मोर्चांमुळे सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद.